पांढरा घोडा घेताय? आधी कातडी बघा

अलिबाग, काशिद, मुरूडच्या वाळूवर किंवा वरातीत दिसणारे पुष्कळ पांढरे घोडे जन्मतः पांढरे नसतात. शिंगरू काळं, तांबडं किंवा कुमैत (काळ्या आयाळीचं तपकिरी) जन्मतं, दरवर्षी केस फिकट होत जातात आणि सहा-आठ वर्षांत घोडा पांढराशुभ्र दिसू लागतो. रेसच्या कागदांवर तो 'ग्रे'च राहतो. जन्मतः पांढरा थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) ही फार दुर्मिळ चीज. दोघांची निगा वेगळी, म्हणून सौदा ठरण्याआधी ओळख पक्की करा.

नाकपुड्यांमधली जागा, डोळ्यांभोवतीचा भाग आणि शेपटीखालची कातडी ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा. काळी-करडी असेल तर ग्रे. गुलाबी असेल तर थांबू नका, मानेवर आणि फऱ्यावर पाण्याचा हात फिरवून केस दाबा आणि खालची कातडी बघा. ग्रे घोड्याच्याही कपाळावर पट्टा किंवा पायात पांढरे मोजे असतात आणि तिथली कातडी गुलाबीच असते, त्यामुळे एकट्या नाकावरून निकाल देणं चूक. अंगभर गुलाबी आणि डोळे तपकिरी असतील, तर घोडा बहुधा जन्मतः पांढरा. 'अल्बिनो आहे' असं कोणी सांगितलं तर मानू नका, घोड्यांत खरा अल्बिनो सापडत नाही.

मग घोड्याचा पासपोर्ट (ओळखीचे कागद) आणि वंशावळ मागा. ग्रे शिंगराच्या आईबापांपैकी एक तरी ग्रे असावाच लागतो. दोघेही रंगीत असतील, तर समोरचा पांढरा घोडा ग्रे नाही. उलट हिशोब (आईबापांत ग्रे आहे, म्हणजे घोडा ग्रेच) मात्र चालत नाही, कारण जन्मतः पांढऱ्या केसांखाली ग्रेचं जनुक लपलेलं असू शकतं. तरी शंका राहिली तर आयाळीचे वीस-तीस केस मुळासकट उपटून (कापून नव्हे) प्रयोगशाळेत पाठवा. ते कागदी पाकिटात ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. जन्मजात पांढरेपणा केआयटी या जनुकातल्या बदलांमुळे येतो आणि असे तीसहून जास्त बदल ठाऊक आहेत. ठरावीक चाचण्या 'नाही' म्हणाल्या तरी नवाच बदल झालेला असू शकतो.

जपानची शिरायुकीहिमे हे त्याचं ठळक उदाहरण. ही घोडी 1996 साली जन्मली. बाप संडे सायलेन्स गडद रंगाचा, आई कुमैत, आणि पोटी आलं पांढरं शिंगरू. पांढरा घोडा मंद, असं मानणाऱ्यांनी या घराण्याचे निकाल बघावेत. तिची मुलगी युकीचान 2008 मध्ये 2100 मीटरची कांटो ओक्स जिंकली. नात सोदाशीने 2020 मध्ये हानशिन जुवेनाइल फिलीज जिंकली. पांढऱ्या थरोब्रेडने ग्रेड-1, म्हणजे सर्वोच्च दर्जाची शर्यत जिंकल्याची ती पहिलीच वेळ. 2021 ची ओका शो तिने 1 मिनिट 31.1 सेकंदांत, विक्रमी वेळेत मारली आणि 2022 मध्ये व्हिक्टोरिया माइलही. या तिन्ही शर्यती 1600 मीटरच्या, हिरवळीवरच्या. 2400 मीटरच्या जपानी ओक्समध्ये (कांटो ओक्सहून वेगळी शर्यत) मात्र ती आठवी आली. तिला अडवलं ते अंतराने. पांढऱ्यांचे विजय मोजके, कारण धावणारेच मोजके. तेव्हा घोडा निवडताना पाय, दम आणि वंश बघा, रंगाला गुण देऊ नका आणि त्याचे गुण कापूही नका.

रंगाचा खरा हिशोब आपल्या किनाऱ्यावर चुकवावा लागतो. गुलाबी कातडीला उन्हापासून संरक्षण नाही आणि वाळूवरून परतणारं ऊन खालून थोबाडावर येतं. सकाळी अकरा ते चार घोडा सावलीत हवा. बाहेर काढताना नाक, ओठ आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं मलम लावा. पाणी पिताना ते पुसलं जातं, म्हणून पुन्हा लावा. पापणीच्या कडेला न भरणारी जखम किंवा लाल मांस दिसलं तर वाट बघू नका, तो कर्करोग असू शकतो. कुरणातली घाणेरी मुळासकट काढा. ती पोटात गेली तर यकृत बिघडतं आणि मग साधं ऊनही गुलाबी कातडी सोलून काढतं.

समुद्रातून आल्यावर दोन-तीन बादल्या गोडं पाणी लागतंच. तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली), खोगिराच्या जागी आणि जांघेत आधी ओता. तिथे मीठ वाळलं की दुसऱ्या दिवशी तंग आवळताच कातडी सोलते. पाणी निथळवा आणि खुरांच्या वरचा खळगा कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात इथेच खपल्या धरतात आणि उपटल्या तर केसांचा झुबका घेऊन येतात. कोरड्या खपल्या ओढू नका. औषधी साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून मऊ करा, अलगद काढा, पूर्ण वाळवा आणि जागा कोरडी ठेवा. पाय सुजला किंवा घोडा लंगडला तर पशुवैद्य बोलवा.

ग्रे घोड्याला उन्हाचा त्रास कमी, पण गाठींचा धोका मोठा. पंधरा वर्षांपुढच्या बहुतेक ग्रे घोड्यांना मेलानोमा (कातडीतल्या रंगपेशींच्या गाठी) होतो. दर महिन्याला खरारा करताना शेपटी उचलून बघा, कानाखाली जबड्यामागे बोटं फिरवा. टणक, काळी, न दुखणारी गाठ लागली तर पट्टीने मोजून तारखेसह लिहून ठेवा. ती वाढत असेल किंवा लीद टाकताना घोडा जोर करत असेल, तर लहान असतानाच काढता येईल का हे पशुवैद्याला विचारा.