पुण्यात दारूमुक्तीचा आधारगट कसा शोधावा

आधी तब्येत पाहा. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिल्या 2-3 दिवसांत हात थरथरणे, झटके येणे, भास होणे असे त्रास उद्भवतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. म्हणून ससूनसारख्या रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे दाखवूनच सोडा. गट हा औषधोपचाराला पर्याय नाही.

मग गट, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार द्यायला जमतात ती सभा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या सभांना फी नसते. सदस्य ऐच्छिक वर्गणी देतात आणि आडनाव कुणी विचारत नाही. सभांची यादी त्यांच्या भारतातल्या वेबसाइटवर मिळते. पण जाण्याआधी फोन कराच, कारण जागा आणि वेळा बदलतात. फोनवर तीन गोष्टी विचारा: सभा मराठीत असते का, खुली की बंद, आणि नेमकं कुठल्या दारातून आत यायचं. (शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पुष्कळ जण गेटवरूनच परत फिरतात.) खुल्या सभेला नातेवाईक चालतात, बंद सभा फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. पत्नी, आई-वडील यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे.

दाखल होऊन उपचार हवे असतील, तर 1986 पासून चालणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र पुण्यातच आहे. काहीच सुचत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन.

पहिल्या सभेत बोलायची सक्ती नसते, नुसतं ऐकलं तरी चालतं. एक गट जमला नाही, तर दुसऱ्या पेठेतला पाहा. फक्त घराच्या किंवा ऑफिसच्या वाटेवरचा निवडा. लांबचा गट पावसाळ्यात हमखास सुटतो.