एअर फ्रायरमध्ये ग्रॅनोला करताना या चुका टाळा

वरचे ओट्स काळे पडले, मधले कच्चेच राहिले, आणि डब्यात भरलेलं दुसऱ्या दिवशी सादळलं. एअर फ्रायरमधल्या ग्रॅनोलाबद्दल, म्हणजे पाकात घोळून भाजलेल्या ओट्स-सुकामेव्याबद्दल, बहुतेकांच्या तक्रारी या तीनच असतात आणि तिन्हींचं मूळ हवेत आहे. यंत्राच्या आतली हवा जोरात फिरते, हे आपण विसरतो. बाहेरची, म्हणजे स्वयंपाकघरातली हवा नागपुरात मे महिन्यात एक असते आणि जुलैत दुसरीच, हेही विसरतो. ओव्हनची कृती जशीच्या तशी उचलली की फसगत होते ती इथेच.

पुढचं सगळं चार लिटरच्या आसपासच्या बास्केटसाठी आहे. दोन कप ओट्स, अर्धा कप बदाम-काजू-शेंगदाणे, पाव कप बिया, ३ टेबलस्पून तेल किंवा तूप, ४ टेबलस्पून मध किंवा गुळाचा पाक, पाव चमचा मीठ. यापेक्षा जास्त एका वेळी भरू नका. थर दोन सेंटीमीटरच्या वर गेला की गरम हवा खालपर्यंत पोचत नाही. चार माणसांच्या घरात एवढा ग्रॅनोला आठवडाभरात संपतो, आणि ताजा खाल्लेलाच चांगला.

ओव्हनचं तापमान इथे लावणं

ओव्हनच्या कृतीत साधारण १६० ते १७० अंश सेल्सियस आणि अर्धा तास दिलेला असतो. एअर फ्रायरमध्ये कॉइल, म्हणजे तापणारी तार, डोक्यावरच असते, मध्ये जेमतेम काही इंचांचं अंतर, आणि पंखा ती उष्णता सतत पदार्थावर फेकत असतो. इथे १४० ते १५० अंश पुरतात आणि वेळ १२ ते १६ मिनिटं लागतो. घाई असेल तरी १८० वर जाऊ नका. वरचा थर जळतो आणि खालच्या ओट्समधला ओलावा तसाच राहतो.

यात गोडाचाही वाटा आहे. मधातली फळशर्करा ११० अंशांच्या आसपासच रंग धरू लागते, साध्या साखरेला १६० च्या जवळ जावं लागतं. म्हणून मध घातलेला ग्रॅनोला लवकर लाल होतो. गुळाची अडचण वेगळी आहे. मिश्रण आधीच तपकिरी असल्यामुळे भाजल्याचा रंग डोळ्यांना कळत नाही. तिथे नाकाचं ऐका.

भाजताना नेमकं काय दिसतं ते सांगते, म्हणजे घड्याळाकडे बघत बसावं लागणार नाही. पहिली चार-पाच मिनिटं ओट्स ओलसर आणि चकचकीत असतात, काहीच घडत नाही असं वाटतं. मग कडेचे ओट्स निस्तेज होतात, म्हणजे पाणी उडायला लागलं. सातव्या-आठव्या मिनिटाला कडेला सोनेरी झाक येते आणि मधले अजून पांढरटच असतात. ढवळायची खरी वेळ हीच. दहाव्या मिनिटानंतर खमंग वास सुटतो. आता बदामाचा एक तुकडा काढा, फुंकर घालून तोडा. आतून फिकट तपकिरी दिसला की बंद करा, ओट्स थोडे फिके वाटले तरी. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता दोनेक मिनिटं काम करत राहते.

उन्हाळ्यात एकाच वेळी दोन-तीन कूलर चालू असले आणि व्होल्टेज पडलं, तर हाच ग्रॅनोला जास्त वेळ घेतो. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० चे २०० व्होल्ट झाले की उष्णता जवळपास पाव हिश्शाने कमी होते. अशा वेळी तापमान वाढवायच्या फंदात पडू नका, मिनिटं वाढवा. एअर फ्रायर साधारण १४०० ते १७०० वॅट खेचतो, तेव्हा तो जाड पिनांच्या पॉवर प्लगलाच लावा. एक्स्टेन्शन बोर्डवर तो, मिक्सर आणि कूलर एकत्र लावू नका.

हलकं सामान सुरुवातीलाच घालणं

आपल्याकडे ग्रॅनोलात ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या, मुरमुरे, पातळ पोहे घालायची कल्पना सहज सुचते. कल्पना फार चांगली आहे. फक्त ते आधी घालू नका. पंख्याच्या झोतात लाह्या वर उडतात, कॉइलला चिकटतात आणि जळतात. मग सगळ्या ग्रॅनोलाला तो जळका वास लागतो. लाह्या आणि मुरमुरे कढईत वेगळे कोरडे गरम करून घ्या आणि ग्रॅनोला बाहेर काढल्या काढल्या, पाक अजून चिकट असताना मिसळा. पातळ पोह्यांनाही तेच लागू. खोबऱ्याचे काप मात्र शेवटच्या तीन मिनिटांत आत जाऊ शकतात, त्याआधी घातले तर करपतात.

तीळ आणि जवस बास्केटच्या भोकांतून खाली गळतात आणि खालच्या ट्रेमध्ये जळतात. बिया आधी पाकात नीट घोळल्या की ओट्सला चिकटून राहतात. तरीही बास्केटमध्ये बसणारा छोटा केकचा डबा वापरणं मला सगळ्यात सोयीचं वाटतं. फक्त डब्याच्या भोवती बोटभर जागा मोकळी राहायला हवी, नाहीतर हवा फिरणार कुठून?

कागद वापरायचा तर बेकिंग पेपर घ्या. किराणा दुकानात बटर पेपर म्हणून जो स्वस्त पातळ कागद मिळतो त्याला बहुतेक वेळा न चिकटणारा थर नसतो. त्यावर पाक असा बसतो की ग्रॅनोलासोबत कागदाचे तुकडेही निघतात. आणि एअर फ्रायर आधी तापवताना आत नुसता कागद कधीही ठेवू नका. वजन नसलेला कागद उडून थेट कॉइलवर जातो आणि पेट घेऊ शकतो.

जवसाबद्दल थोडं जास्त सांगते, कारण विदर्भातल्या घरात जवस नाही असं होत नाही. अख्खा जवस दाताखाली आला नाही तर न पचता तसाच बाहेर पडतो. ग्रॅनोलासाठी तो चटणीला भाजतो तसा मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावा, गार करून जाडसर कुटावा आणि ग्रॅनोला पूर्ण थंड झाल्यावर मिसळावा. कुटलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच कुटा. जवसाचं तेल मात्र ओट्सला चोळून भाजू नका. ते कच्चंच खाण्याचं तेल आहे, जेमतेम १०७ अंशांवर धूर सोडतं. तूप किंवा शेंगदाण्याचं तेल वापरा.

ओट्स कोणते

झटपट शिजणारे बारीक ओट्स घेतले तर ग्रॅनोलाचा भुगा होतो. दुसरा इलाज नाही. पाकिटावर रोल्ड असं लिहिलेले, अख्ख्या जाड पाकळ्यांचे ओट्स घ्या. सुकामेवा नागपूरच्या इतवारी बाजारात, मस्कासाथला सुटा घेणार असाल तर अक्रोडाचा एक तुकडा चाखूनच घ्या. जुना अक्रोड कडवट लागतो, आणि भाजल्यावर तो कडवटपणा जात नाही, उलट पसरतो.

गूळ किसून टाकणं, मध डोळ्यांच्या अंदाजाने ओतणं

किसलेला गूळ बारा मिनिटांत सगळीकडे सारखा विरघळत नाही. एका ठिकाणी गोड खडा राहतो आणि बाकीचे ओट्स कोरडेच. अर्धी वाटी गूळ, एक टेबलस्पून पाणी आणि तूप मंद आचेवर एकत्र विरघळवा, एक उकळी येऊ द्या, गाळून घ्या आणि कोमट असताना ओट्समध्ये मिसळा. पाक पुढे गोळीपर्यंत नेऊ नका. मग ग्रॅनोला दाताने फुटत नाही.

ग्रॅनोला चिवट होतो तो बहुधा पाक जास्त झाल्यामुळे. सगळ्या ओट्सला चमक यावी, पण भांड्याच्या तळाशी थेंबही साचू नये, एवढंच प्रमाण बरोबर. उलट तेल-तुपात कंजुषी केली तर ओट्स पिठूळ लागतात. डाएटच्या नावाखाली तेल पूर्ण काढून टाकणाऱ्यांना कुरकुरीतपणा मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तीन चमचे दोन कप ओट्सना विभागून जातात, रोजच्या वाटीत त्यातलं फार थोडं येतं.

लहान मुलांच्या डब्यात देणार असाल तर बेधडक द्या. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध घातलेलं काहीही देऊ नये, भाजलेलं असलं तरी.

सतत ढवळणं

काहींना ग्रॅनोला सुटा आवडतो, काहींना गुठळ्यांचा. गुठळ्या हव्या असतील तर पहिल्या आठ-दहा मिनिटांत दोनदा ढवळा, मग चमच्याच्या पाठीने थर दाबून सपाट करा आणि पुढे अजिबात हात लावू नका. बास्केट उघडून हलवत राहिलात तर गुठळ्या बनायच्या आधीच फुटतात. अंडं चालत असेल तर एका अंड्याचा पांढरा भाग फेटून कच्च्या मिश्रणात घाला, गुठळ्या घट्ट होतात.

मनुका, खजूर, सुके अंजीर हे सगळं शेवटी. भाजायला टाकलेली मनुका आधी टम्म फुगते, मग काळी कडक गोळी होते.

गरम असताना चाखून पुन्हा भाजणं

करपण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि ते टाळणं सगळ्यात सोपं आहे. यंत्रातून काढलेला ग्रॅनोला मऊच असतो. त्यातली साखर तेव्हा पातळ असते, चिक्कीसारखी ती गार झाल्यावरच कडक होते. मऊ लागला म्हणून पुन्हा पाच मिनिटं लावलं की काम बिघडलं. बास्केटमध्येही ठेवू नका, तापलेल्या धातूवर तो भाजतच राहतो. मोठ्या स्टीलच्या ताटात पसरा आणि अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्या. तयार ग्रॅनोला ताट हलवलं की खडखड वाजतो. आवाज दबका आला तर आत अजून ओलावा आहे.

कूलरसमोर गार करणं

नागपूरच्या घरांसाठी हा मुद्दा मी सगळ्यात महत्त्वाचा मानते. मे महिन्याच्या दुपारी बाहेरची हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचे कपडे पाहता पाहता वाळतात. आपल्याला वाटतं, अशा हवेत ग्रॅनोला सादळणार कसा? पण कूलर हीच कोरडी हवा ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून ओढतो आणि पाणी घेऊन खोलीत सोडतो. खोली गार होते ती त्या पाण्यामुळेच. ताट त्या झोतात ठेवलं तर ओट्स आणि मध दोन्ही ते पाणी शोषतात, आणि तासाभरात कुरकुरीतपणा जातो. उन्हाळ्यात ताट कूलर नसलेल्या खोलीत ठेवा आणि वर पातळ सुती कापड टाका. एसीच्या खोलीत चालेल, एसी हवेतलं पाणी काढून घेतो.

पावसाळ्यात तर पळवाट नाही. जून संपता संपता गूळसुद्धा डब्यात पाझरायला लागतो. गूळ आणि मध दोन्ही साध्या साखरेपेक्षा जास्त ओलावा ओढतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये निम्मा गूळ आणि निम्मी साखर असा पाक करा, आणि भाजण्याची वेळ दोन मिनिटांनी वाढवून तापमान दहा अंशांनी कमी ठेवा. ग्रॅनोला हाताला पूर्ण गार लागल्याशिवाय डबा बंद करू नका, नाहीतर झाकणाखाली वाफ धरते. डब्यात चमचा टाकताना तो कोरडा हवा, हे सांगायला नको, पण सादळलेल्या डब्यामागे बरेचदा ओला चमचाच असतो.

साठवणीतही उन्हाळा आडवा येतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत ओट्यावरच्या डब्यातले अक्रोड आणि जवस झपाट्याने खवट होतात. एप्रिल ते जून डबा फ्रिजमध्ये ठेवा, घट्ट झाकणाचा. एरवी कोरड्या जागी दोन-तीन आठवडे टिकतो.

संत्र्याचा रस घालणं

नागपुरात ग्रॅनोला करायचा आणि संत्रं नाही, हे मलाही पटत नाही. पण रस घातला की मिश्रणात पाणी वाढतं आणि सगळं गणित बिघडतं. वास सालीत असतो. आपल्या संत्र्याची साल सैल असते, म्हणून सोलायच्या आधीच, अख्खं फळ धुऊन पुसून, बारीक किसणीवर अगदी हलक्या हाताने फिरवा. फक्त नारिंगी भाग घ्या, खालचा पांढरा कडू असतो. एका संत्र्याचा कीस दोन कप ओट्सना पुरतो. तो कोमट पाकात मिसळा, म्हणजे सगळीकडे जातो. रसाचा मोह आवरत नसेल तर पाव कप रस आटवून एक चमचा करा आणि पाकातलं पाणी वगळा. हिवाळ्यातला आंबिया बहार आणि त्यानंतरचा मृग बहार, संत्र्याच्या या दोन्ही हंगामांतल्या साली चालतात. कीस सावलीत वाळवून बाटलीत भरला तर संत्र्याचा मोसम नसतानाही हाताशी असतो.

बिघडलेलं सावरताना

सादळलेला ग्रॅनोला मनुका वेचून काढून १२० अंशांवर चार-पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा ताटात गार करा. बहुतेक वेळा जमून जातं. फार गोड झाला तर भाजलेल्या लाह्या मिसळा. भुगा झालेला दह्यावर चांगला लागतो. करपलेल्याला मात्र इलाज नाही. थोडेच काळे झाले असतील तर तेवढे वेचा, पण कडवट वास सगळ्यात उतरला असेल तर टाकून द्या.

ग्रॅनोलाला मसाल्याचा वास येत असेल तर दोष ओट्सचा नाही. आदल्या दिवशी त्याच बास्केटमध्ये सावजी मसाल्याचं चिकन भाजलं असेल, तर तेलाचे शिंतोडे कॉइलवर असतात आणि गरम झाले की वास सोडतात. बास्केट आणि खालचा ट्रे गरम पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. पाकाचे थर नुसत्या पाण्यात विरघळतात, तारेची घासणी लावून नॉनस्टिक थर घालवू नका. कॉइलसाठी प्लग काढा, यंत्र पूर्ण गार होऊ द्या, ते उलटं करा आणि साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने पुसा. नंतर स्वच्छ ओलं फडकं फिरवा, कोरडं होऊ द्या, आणि पाच मिनिटं रिकामं चालवून मगच ओट्स भरा.