ॲसिटोन वापरताय? आधी वेव्हलेंग्थ बघा

सॅम्पल ॲसिटोनमध्ये मस्त विरघळतं म्हणून बरेच जण तसंच युव्हीला, म्हणजे कुठल्या वेव्हलेंग्थचा उजेड किती शोषला जातो ते मोजणाऱ्या मशीनला, लावतात आणि मग 300 नॅनोमीटरच्या खाली नुसता कचरा येतो, लगेच मशीनला शिव्या. मशीन ठीकच असतं हो. ॲसिटोन डोळ्याला पाण्यासारखं दिसतं पण त्यातला कार्बोनिल ग्रुप (कार्बन-ऑक्सिजनची जोडी) 270 नॅनोमीटरच्या आसपास शोषतो, तसं ते शोषण कमजोरच, पण अख्खा क्युव्हेट (सॅम्पल ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) त्यानेच भरलाय म्हटल्यावर 330 च्या खालचा उजेड पलीकडे जातच नाही.

म्हणून 400 च्या वरचं काम असेल तर बिनधास्त वापरा. पानातलं क्लोरोफिल 80 टक्के ॲसिटोनमध्ये काढून 645 आणि 663 ला वाचतात, तिथे काही अडचण नाही. खाली उतरायचं असेल तर इथेनॉल घ्या, 210 पर्यंत चालतं, आणि त्याच्याही खाली म्हणजे 190 पर्यंत ॲसिटोनायट्राइल, फक्त ते महाग पडतं.

क्वार्ट्झचा क्युव्हेट ॲसिटोनने धुवायला हरकत नाही, पटकन वाळतो, पण थोडं जरी आत राहिलं तर 265 च्या जवळ एक टेकाड दिसतं आणि ते तुमच्या सॅम्पलचं वाटतं. सॅम्पलच्याच सॉल्व्हंटने दोनतीनदा खंगाळा आणि ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता नुसतं सॉल्व्हंट, घेऊन बघा. प्लॅस्टिकच्या क्युव्हेटला मात्र लावूच नका, पॉलिस्टायरीन लगेच पांढरट होतं.

रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवात उजेड किती वळतो ते मोजायचं यंत्र) शुद्ध ॲसिटोन 20 डिग्रीला 1.359 दाखवतं, पाणी 1.333. आता कुणालाही वाटेल की पाणी मिसळलं तर आकडा कमी होणार, पण होतं उलटं, थोडं पाणी गेलं की तो वाढतो! त्यामुळे भेसळ पकडायला नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. आणि प्रिझमवर थेंब टाकला की झाकण लगेच लावा, नाहीतर रीडिंग घेईपर्यंत उडून गेलेलं असतं.

काचेची लेन्स पुसायची तर लेन्स टिशू वर ठेवा, त्यावर एक थेंब, आणि टिशू एकाच दिशेने हळू ओढून घ्या, घासायचं नाही. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि वास घातलेला असतो, डाग पडतात. चष्म्याला तर अजिबात नको, पॉलिकार्बोनेट आणि फ्रेम दोन्ही खराब होतात. बाटली उघडण्याआधी आसपास कुणी बर्नर पेटवलाय का बघा, फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) उणे 20 डिग्रीच्या आसपास आहे आणि वाफ जड असते, टेबलावरून सरकत लांब जाते.