गोव्याच्या हवेत पॉमेरेनियन, शिह त्झू सांभाळताना या चुका टाळा

तीन-चार किलोच्या कुत्र्याला मोठ्या कुत्र्याच्या मापाने वागवणं, बहुतेक घरांतल्या अडचणी इथूनच सुरू होतात. लॅब्राडॉरने एक वेळ जेवण टाकलं तर संध्याकाळपर्यंत वाट बघता येते. पॉमेरेनियनचं दोन महिन्यांचं पिल्लू मात्र काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून लटपटू लागतं. त्याला दिवसातून चार वेळा थोडं थोडं भरवा. पिल्लू थरथरत असेल, मलूल पडलं असेल तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

एप्रिल उजाडला की पॉमेरेनियनचं अख्खं अंग मशीनने भादरून आणायची पद्धत पडली आहे. कृपा करून हे करू नका. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला मऊ आणि बाहेरचा राठ. बाहेरच्या थरामुळे कातडीला थेट ऊन लागत नाही. मुळाशी भादरलेले केस कधी कधी पुन्हा नीट येतच नाहीत, जागोजागी टक्कल राहतं. शिह त्झूची गोष्ट वेगळी: त्याचे केस वाढतच राहतात, ते आखूड कापले तर चालतात.

उकाड्यावर खरा उपाय वेळेचा आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत जिभेवरचं पाणी लवकर सुकत नाही. म्हणून पारा पस्तिशीच्या आत असला तरी पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा जीव घाबरा होतो. फिरवणं सकाळी उन्हं चढण्याआधी आणि रात्री. भर दुपारी स्कूटरवर पायांशी उभं करून बाजारात नेऊ नका, तिथे खालून तापलेल्या डांबराची धग लागते. जीभ गडद लाल झाली, लाळ घट्ट झाली, चाल अडखळली तर अंगावर साधं पाणी ओता, पंख्याखाली घ्या आणि डॉक्टरांकडे निघा. बर्फ नको, आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवणंही नको, आत वाफ कोंडते.

पावसाळ्याआधीच गोचिडींची तयारी करा. लोक कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी वेचतात आणि घर विसरतात. मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि भिंतीच्या फटींत हजारो अंडी घालते. जुन्या चिऱ्यांच्या घरांत, सोप्याच्या कोपऱ्यांत अशा फटी भरपूर असतात. त्या बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा. अंगाला रॉकेल किंवा फिनेल चोळायचा जुना उपाय तर मुळीच नको, कुत्रा ते चाटतो आणि एवढ्याशा देहात विष भिनायला वेळ लागत नाही. मानेवर टाकायच्या औषधाच्या पाकिटावर वजनाचा गट छापलेला असतो. मोठ्या कुत्र्याची ट्यूब अर्धी अर्धी करून वापरू नका. ताप, खाण्यावरची वासना उडणं, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, यातलं काहीही दिसलं तर रक्ततपासणी त्याच दिवशी. गोचिडतापात उशीर महागात पडतो.

उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पावसाच्या डबक्यांतून येतो, म्हणून त्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. रेबीजची लस चुकवायचीच नाही. 2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, आणि आमचा तर घराबाहेरही जात नाही, ही दोन्ही कारणं ऐकायला मिळतात. दोन्ही चुकीची.

चतुर्थीच्या दिवसांत पाहुण्यांवर लक्ष ठेवा. प्रत्येकजण प्रेमाने एक घास भरवतो. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत, त्यामुळे मनुका घातलेलं गोड त्याच्या तोंडाला लावू नका. कांद्याचं सुकं, चॉकलेट आणि बांगड्याचे काटेही नकोत. मऊ भात, काटे काढलेला बिनमिठाचा उकडलेला मासा घासभर, एवढं पुरे. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देणं जीवघेणं ठरू शकतं.

गळ्यात पट्टा घालून ओढू नका. या जातींची श्वासनलिका नाजूक असते. हंसाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येत असेल तर तो घशातला साधा कफ समजू नका, तपासून घ्या. फिरवायला छातीवर बसणारा हार्नेस घ्या. गुळगुळीत लाद्यांवर सतरंजी टाका, सोफ्याशी पायरी ठेवा. धावताना मागचा पाय उचलून दोन पावलं लंगडला आणि पुन्हा नीट चालला, तर गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता असते.

दातांकडे तर कुणी बघतच नाही. एवढ्याशा जबड्यात बेचाळीस दात दाटीवाटीने बसतात, अन्न अडकतं. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे दात शेजारी उभे असतील तर ते काढून घ्या. ब्रश रोज करा, पण टूथपेस्ट कुत्र्यांचीच.