पुण्यात रेण्वीय जीवशास्त्रातील पीएच.डी.साठी तयारी कशी करावी

पीएच.डी.साठी संस्थेच्या नावाआधी प्रयोगशाळा निवडावी, असे मी आग्रहाने सांगेन. गणेशखिंडीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि त्याच आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे, तर पाषाणला आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे; मात्र ज्या प्रश्नावर तुम्हाला पाच-सहा वर्षे घालवायची आहेत तो कोणत्या मार्गदर्शकाकडे आहे, हे शोधनिबंध वाचूनच कळते. वाचताना आधी आकृती पाहून स्वतः निष्कर्ष काढावा आणि मग तो लेखकांच्या निष्कर्षाशी ताडून पाहावा.

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत जीवविज्ञानाच्या 200 गुणांपैकी 100 गुण विश्लेषणात्मक प्रश्नांच्या तिसऱ्या भागाला असतात, त्यामुळे निव्वळ पाठांतर तोकडे पडते. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात.

खरी कसोटी मुलाखतीत लागते. एम.एस्सी.च्या प्रकल्पात पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र) केले असेल, तर डीएनए न घातलेल्या नळीतील मिश्रण जेलवर चालवल्यावरही डीएनएची पट्टी दिसली तर काय समजाल, हे विचारले जाण्याची तयारी ठेवावी. तिथे ‘प्रयोग चुकला’ एवढे उत्तर पुरेसे नाही. पट्टी अपेक्षित लांबीची असेल, तर पाणी, प्रायमर (जिथून प्रत काढायला सुरुवात होते ते डीएनएचे छोटे तुकडे) किंवा मिश्रणातील इतर अभिकर्मकांत बाहेरचा डीएनए मिसळल्याची शंका घ्यावी आणि एकेक घटक बदलून ती तपासावी. पट्टी फारच लहान असेल, तर प्रायमर एकमेकांना जुळले असण्याची शक्यता अधिक. ज्या नळीत काहीच दिसू नये तिच्याकडे आपले विद्यार्थी सर्वांत कमी लक्ष देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बाकीच्या नळ्यांवरचा विश्वास तिच्यावरच उभा असतो. स्वतः न केलेले तंत्र अर्जात लिहू नये.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी अभ्यासक्रमासह किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा असतो. म्हणून होकार कळवण्यापूर्वी एक दिवस त्या प्रयोगशाळेत जावे आणि मार्गदर्शक नसताना तिथल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांना विचारावे, की फसलेल्या प्रयोगाची वही सरांपुढे किंवा मॅडमपुढे उघडताना त्यांना भीती वाटते का.