कायदा मधेच बदलल्यावर आलेली आयकर नोटीस: या चुका टाळा

आयकर खात्याची नोटीस हातात पडली की बहुतेक लोक आधी रक्कम पाहतात, मग घाबरतात, आणि नोटीस कोणत्या आकारणी वर्षाची (म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाची) आहे याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. विवरणपत्रांच्या ऐन हंगामात नियम बदललेले असतील, तर सर्वांत महाग पडणारी चूक हीच असते.

नागपूरच्या कोराडी रोडवर राहणाऱ्या एका निवृत्त काकांनी २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र नव्या करप्रणालीने जून २०२४ मध्येच भरले होते. प्रमाणित वजावटीनंतर निवृत्तिवेतन सहा लाख आणि शेअरवरचा अल्पकालीन नफा साठ हजार, म्हणजे एकूण उत्पन्न सात लाखांच्या आत असल्याने ठरावीक उत्पन्नापर्यंत कर माफ करणाऱ्या कलम ८७अ च्या सवलतीने कर शून्य झाला होता. ५ जुलै २०२४ रोजी आयकर पोर्टलचे सॉफ्टवेअर बदलले आणि शेअरच्या नफ्यासारख्या विशेष दराच्या करावर ही सवलत मिळेनाशी झाली. पुढे काकांना ९,३६० रुपये आणि वरून व्याज अशी मागणी आली. व्हिडिओ पाहून कर शिकलेल्या भाच्याने २०२५ च्या अर्थसंकल्पात ‘विशेष दराच्या उत्पन्नावर सवलत नाही’ हे वाचले आणि पोर्टलवर ‘मागणी मान्य’ करून टाकली. ती दुरुस्ती २०२५-२६ या आर्थिक वर्षापासूनची आहे. त्याआधीच्या कायद्यात कलम ११२अ मध्ये (शेअरचा दीर्घकालीन नफा) सवलत स्पष्ट नाकारलेली होती, १११अ मध्ये (अल्पकालीन नफा) नव्हती, आणि याच मुद्द्यावर आयकर अपील न्यायाधिकरणांनी करदात्यांच्या बाजूने निकाल दिलेले आहेत. एकदा मान्य केलेली मागणी पोर्टलवर पुन्हा अमान्य करता येत नाही, त्यामुळे पुढे विलंबमाफीच्या अर्जासह अपील करावे लागले. अपिलाची मूळ मुदत तीस दिवसांची, आणि तीही भाच्याच्या घाईत निघून गेली होती.

म्हणून मी नोटीस कागदावर छापून घेतो, आकारणी वर्ष, कलम आणि उत्तराची अंतिम तारीख लाल शाईने लिहितो आणि त्यानंतरच पोर्टल उघडतो. अशिलांना हा वेळकाढूपणा वाटतो, वाटू द्यावा.

दुसरी चूक २३ जुलै २०२४ या तारखेची. त्या दिवसापासून शेअरच्या अल्पकालीन नफ्याचा दर १५ वरून २० टक्के आणि दीर्घकालीन नफ्याचा १० वरून १२.५ टक्के झाला, तरी २०२४-२५ चा सगळा नफा एकाच रकान्यात टाकणारे लोक आजही भेटतात. ब्रोकरचे वार्षिक विवरण तारखेनुसार दोन भागांत तोडावे आणि नोटिशीच्या उत्तराला तेच जोडावे.

सदोष विवरणपत्राच्या नोटिशीला पंधरा दिवस मिळतात आणि प्रस्तावित फेरफाराच्या नोटिशीला तीस, हे एकमेकांत मिसळू नये. नोटिशीवरचा दस्तऐवज ओळख क्रमांक पोर्टलवर तपासल्याशिवाय कोणत्याही लिंकवरून पैसे भरू नयेत. बंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राच्या नोटिशीसाठी सिव्हिल लाईन्सच्या कार्यालयात रांग लावू नये, कारण तिचे उत्तर पोर्टलवरच द्यायचे असते. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला म्हणून जुन्या वर्षाच्या नोटिशीला त्यातली कलमे लावू नयेत. त्या वर्षांसाठी १९६१ चाच कायदा चालतो.