अंगठ्याच्या नखाची बुरशी : मला लागू पडलेला क्रम

उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे, जाड आणि टोकाशी भुसभुशीत झाले होते. व्हिनेगर, हळद आणि खाजेचे मलम यांत दीड वर्ष वाया गेले. अखेर कोल्हापुरातील त्वचारोगतज्ज्ञांनी नखाचा चुरा तपासून बुरशीची खात्री केली (सोरायसिस या त्वचारोगातले नखही असेच दिसते) आणि नखाचे मूळ निरोगी असल्याने गोळ्यांऐवजी ५ टक्के अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचे लॅकर (नेलपॉलिशसारखे लावायचे औषध) दिले.

दर रविवारी आधी नख कापून त्याचा पृष्ठभाग कानशीने घासायचा, मग स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा आणि त्यानंतर लॅकरचा पातळ थर देऊन ५ मिनिटे वाळू द्यायचा. ती कानस निरोगी नखांना मात्र लावायची नाही. बेचक्यांतील चिखल्यांवर टर्बिनाफिन या बुरशीनाशकाचे मलम वेगळे लावले, कारण संसर्ग तिथूनही नखात शिरतो.

पावसाळ्यात बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरले, मोजे रोज बदलले. कोल्हापुरी चपलेत पाय मोकळा राहतो, पण भिजलेले कातडे ओल धरते, त्यामुळे ती कोरड्या दिवसांपुरतीच ठेवली. अंगठ्याचे नख पूर्ण वाढण्यास १२ ते १८ महिने लागतात. माझे १३व्या महिन्यात स्वच्छ झाले. मधुमेह असल्यास घरी कानस चालवू नये, थेट डॉक्टरांकडे जावे.